आवक क्रमांक सतरा

(आवक क्र. ६१)
८ फेब्रुवारी

ती. ताईस,
बाब्याचा सा. न. वि. वि.

तुझं जावक ५७ मिळालं. सख्ख्या भावाला पत्र लिहितानाही जावक क्रमांक घालणारी आणि त्याच्या पत्रावर लाल शाईने आवक क्रमांक टाकणारी बाई जगात एकच असेल. पाणीखात्यात अठ्ठावीस वर्षं मीटर वाचून हे असं होतं, असं मी इथे सगळ्यांना कौतुकाने सांगतो. गुडघ्याचं मात्र मनावर घे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची बहीण जिने चढून गुडघे घालवते, हे आमच्या कंपनीत कळलं तर माझी शोभा होईल.

चिमीचे पुढचे दोन दात पडले. तोंड उघडत नाही आणि हसू तर आवरत नाही, अशी तिची पंचाईत झाली आहे. तुझा फोटो तिने आपल्या टेबलापुढच्या भिंतीवर लावला आहे.

आता कामाचं. माझा नागरिकत्वाचा अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे गेला. बारा वर्षं झाली इथे. चिमी आणि तिची आई इथल्याच, घरात उपरा मी एकटा. पण नेमका आत्ताच इथे गदारोळ उठला आहे. ज्यांची मतं कधीकाळी टोकाची होती, जे तसल्या संघटनांत होते, त्यांना नागरिकत्व द्यावं की नाही, यावर पेपरात रोज दोन पानं भरतात. परवा मी एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. वर दोघेजण ताटकळत उभे होते आणि याच विषयावर हमरीतुमरीवर आले होते. एकाचं म्हणणं, असल्या माणसांना आल्या वाटेने परत पाठवा. दुसऱ्याचं म्हणणं, माणसाच्या डोक्याची झडती घेणारा देश आपल्याला नको. मग दोघांनी खाली वाकून मला विचारलं, अजून किती वेळ लागेल. मी दहा मिनिटं म्हणालो.

फॉर्मात तो प्रश्न होताच. मी 'हो' लिहिलं, कारण लपवलेलं सापडलं की अर्ज तिथेच बाद होतो. दोन वर्षं होतो, भिंतींवर कागद चिकटवले, सभांना खुर्च्या मांडल्या, एवढंच लिहिलं. आता अर्ज तपासणाऱ्या मंडळाला मी त्या काळापासून घरी लिहिलेली सगळी पत्रं हवी आहेत. तुझ्याकडे गठ्ठा आहेच. तो रजिस्टरने पाठव.

फक्त सतरा आणि अठरा त्यातून काढ. कोणती ते तुला सांगायला नको. माझ्यासाठी म्हणत नाही, त्यात तुझंही नाव गुंतलं आहे. अर्ज फेटाळला तर मला सहा महिन्यांत देश सोडावा लागेल, आणि चिमी काही माझ्याबरोबर येणार नाही. तिची आई तसं स्पष्ट बोलली आहे.

तब्येत सांभाळ. आहे तसाच जीव लावत राहा.

तुझा,
बाब्या

जावक क्र. ५८
१ मार्च

चि. बाब्यास,
अ. उ. आ.

तुझं आवक ६१ मिळालं. गुडघे आहेत तसेच आहेत. साहेब म्हणतात की आता मीटर ऑफिसात बसून वाचता येतील, तशी यंत्रं येणार आहेत. गेली सहा वर्षं येणार आहेत. माझी निवृत्ती चौदा महिन्यांवर आली, तेव्हा बहुतेक मी घरी बसले की दुसऱ्या दिवशी येतील.

परवा एका नव्या इमारतीत मीटरचं झाकण उचललं तर खाली मांजर व्यालेलं. चार पिल्लं. रीडिंग घेतलं नाही, मागच्या महिन्याइतकंच धरलं. नोकरीत पहिल्यांदाच खोटा आकडा लिहिला, तोही मांजरापायी. चिमीला हे सांग, हसताना दात दिसतील.

गठ्ठा काल पाठवला. पोच आली की कळव. एक ते सोळा आणि एकोणीस ते साठ. दोन पत्रं काढून जुन्या मीटरच्या रिकाम्या खोक्यात ठेवली. उघडून पाहिली नाहीत. मला ती पाठ आहेत.

चिमीपासून तुझी ताटातूट झालेली मला बघवणार नाही. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास, चिमीएवढाच. तू रात्ररात्र माझी ओढणी मुठीत धरून झोपायचास. म्हणून काढली पत्रं, दुसरं काही कारण नाही.

पण एक विचारते. त्या वेळी तुम्ही लोक जे म्हणत होता, की ती माणसं आपल्यातली नाहीत, त्यांनी इथे राहू नये, ते तुला आज काय वाटतं? फॉर्मासाठी नको. मला लिही.

माया आहेच, ती वेगळी मागायला नको.

तुझी,
ताई

(आवक क्र. ६२)
२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गठ्ठा पोचला. तुझ्या लाल आकड्यांचं मंडळात फार कौतुक झालं, आणि त्यातच मी अडकलो.

सुनावणी नगरभवनात, सगळ्यांना खुली. दीडशे खुर्च्या आणि मागे उभी राहिलेली माणसं. समोर मंडळाचे पाचजण. माझ्या बाजूने एक निवृत्त शाळामास्तर बोलले. मला ओळखतसुद्धा नाहीत. म्हणाले, विचार बदलायला माणसाला जागा लागते, आणि ती जागा देण्यासाठीच देश असतो. टाळ्या पडल्या. मग एक बाई उठल्या. त्यांनी एवढंच विचारलं, की हा माणूस ज्यांच्याबद्दल ते कागद चिकटवत होता, ती माणसं आज कुठे आहेत, हे कोणी विचारलं आहे का. त्यांनाही टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे बरेचसे तेच होते.

मग मंडळातल्या एका चष्मेवाल्याने गठ्ठा पुढे ओढला आणि विचारलं, सोळानंतर एकदम एकोणीस कसं? ताई, मी सांगितलं, की माझी बहीण आकड्यात चुकली असेल. तिचं असं होतं कधी कधी, वय झालं.

मला माहीत आहे तुला हे लागेल. मोठ्या मनाने समजून घे. मंडळाचं पत्र तुला येईल. एकच ओळ लिहायची आहे, की आकडा चुकला होता. खाली सही. बाकी वकील बघून घेईल.

तू विचारलंस त्याबद्दल. तुझ्याशी मी खोटं बोलत नाही. जे झालं ते तसं व्हायला नको होतं, इतका मी बदललो आहे. पण मूळ म्हणणं चूक होतं असं मात्र मनाला पटत नाही. मीही इथे परकाच आहे, माझ्या दाराला कोणी हात लावला नाही, हे तू म्हणशील. पण माझी गोष्ट निराळी. मी कामाचा माणूस आहे, माझ्यावाचून इथल्या चाळीस इमारतींची माणसं खाली अडकतील.

ही शेवटची अडचण दूर कर. पुन्हा काही मागणार नाही.

तुझा,
बाब्या

जावक क्र. ५९
११ एप्रिल

चि. बाब्यास,
अ. उ. आ.

मंडळाचं पत्र आलं. मजकूर फार नम्र होता. आपल्याकडून क्रमांक घालताना नजरचूक झाली होती काय, ते कृपया कळवावं.

अठ्ठावीस वर्षांत माझा एक आकडा चुकला नाही. अंधारात, बॅटरी तोंडात धरून, झुरळं हाताने बाजूला करून मी आकडे लिहिले. मला कुणी मोठा मान दिला नाही, पण आकड्यांच्या बाबतीत माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. ते पहिल्यांदा तू दाखवलंस, दीडशे माणसांपुढे. त्याचा राग आला आणि मी चार दिवस तो राग धरून बसले. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की हा राग मला सोयीचा आहे, कारण तो आहे तोवर दुसरं काही आठवावं लागत नाही.

तेव्हा आता लिहून टाकते. चौदा वर्षं आपण दोघंही यावर मूग गिळून बसलो.

तू लिफ्टचं काम शिकायला, उमेदवारीला, दुसऱ्या शहरात होतास. सोळाव्या पत्रात तू मला लिहिलंस, की आपल्याकडच्या त्या दोन गल्ल्यांत त्यांची घरं कोणती, याची यादी पाठव, संघटना त्यांच्या मुलांना शाळेच्या वह्या वाटणार आहे. मला तुझा अभिमान वाटला. वाटलं, तुझ्या त्या संघटनेला चांगली बुद्धी सुचली. मी ऑफिसच्या रजिस्टरवरून यादी उतरवली. तीस घरं. शिंपीकाकांचं नाव रजिस्टरात नव्हतं, त्यांचं मीटर घरमालकाच्या नावावर होतं. पण त्यांच्या दोन मुली शाळेत जायच्या, त्यांच्या वह्या बुडतील म्हणून एकतिसावं नाव मी माझ्या मनाने वाढवलं.

दर महिन्याला मी येणार त्या दिवशी काका मीटरची काच फडक्याने पुसून ठेवायचे. मला वाकून डोळे ताणावे लागू नयेत म्हणून. त्या पूर्ण भागात असं करणारे ते एकटेच.

सतरावं पत्र मंगळवारी आलं. त्यात तू लिहिलं होतंस, की वह्या-बिह्या काही नाहीत, शुक्रवारी त्या गल्ल्या मोकळ्या व्हायच्या आहेत, तू तिकडे फिरकू नकोस. मंगळवार, बुधवार, गुरुवार. माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत चालत सात मिनिटं लागतात. मी ऑफिसात जाऊन शुक्रवारच्या रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, ताप. मनाशी म्हटलं, बाब्याला लहानपणापासून मोठमोठ्या बाता मारायची सवयच आहे. पण तसं मला खरंच वाटत असतं तर मी रजा कशाला घेतली असती?

शुक्रवारी भर दुपारी झालं. मी घरात खिडकी लावून बसले होते, तरी ऐकू आलं. काकांना जिन्यावरून ढकललं, शिलाई मशीन त्यांच्या मागोमाग. तिसऱ्या दिवशी ते गेले. आठवड्याभरात एकतीसही घरं रिकामी झाली आणि वर्षाच्या आत तिथे दुसरी माणसं राहायला आली. मी त्यांचीही मीटरं वाचते.

अठराव्यासोबत तू यादी परत पाठवलीस. एकतीस नावांपुढे निळ्या पेन्सिलीच्या खुणा. खाली लिहिलंस, काम झकास झालं, हे जाळून टाक. मी जाळलं नाही. आवक क्रमांक पडलेला कागद मी आजवर फाडलेला नाही, एवढंच त्याचं कारण. त्यात काही मोठेपणा नव्हता.

मंडळाला मी कळवलं आहे, की आकडा चुकलेला नाही. सतरा, अठरा आणि यादी आज रजिस्टरने पाठवली. यादीतलं अक्षर माझं आहे आणि सतरावं मला तीन दिवस आधी मिळालं होतं, हेही खाली लिहिलं. तू मागितली होतीस ती एक ओळ मला लिहिता आली असती. मांजरासाठी लिहिलीच की. पण ही नाही लिहिता आली.

माझ्यावर जितकं रागवायचं तितकं रागव. चिमीला मात्र माझ्याबद्दल वाईट सांगू नकोस, एवढं एक मागते.

तुझी,
ताई

(आवक क्र. ६३)
३० एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. तू माझा गळा कापलास, आणि तोही पोच घेऊन.

चौदा वर्षं तोंड शिवून बसलीस आणि जाग आली ती माझं घर उभं राहिल्यावर. तुला मन हलकं करायचं होतं तर विहिरीत जाऊन बोलायचं होतंस. पुढची सुनावणी २० मे रोजी. वकिलाने आशा सोडायला सांगितली आहे. चिमीची आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. चिमी विचारत होती, बाबा, तुम्ही जाताना मला बरोबर नेणार की नाही.

याला क्रमांक घाल आणि लाव तुझ्या फायलीला.

बाब्या

(आवक क्र. ६४)
२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्राबद्दल क्षमा कर. रागाच्या भरात वाट्टेल ते लिहिलं. आता ऐक. मिळालं! तीन विरुद्ध दोन मतांनी मिळालं.

या वेळी नगरभवनात पाय ठेवायला जागा नव्हती. सतरावं पत्र इथल्या भाषेत करून मोठ्याने वाचलं गेलं. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. पण माझा वकील उठला आणि त्याने सगळा डाव फिरवला. म्हणाला, तेवीस वर्षांच्या पोराने बहिणीला लिहिलेलं हे खाजगी पत्र आहे. यात मत आहे, फुशारकी आहे, फार तर वाईट मत आहे. याच्यावर कुठल्या कोर्टात खटला झाला? नाही. याला कोणी तिथे पाहिलं? नाही, हा दुसऱ्या शहरात होता. मग शिक्षा कशाची करता, विचारांची? मास्तर पुन्हा बोलले, की जो देश पत्रांना घाबरतो तो माणसांना काय सांभाळणार. लोक उभे राहिले. त्या दिवशीच्या बाई होत्या, पण त्यांचं बोलणं गोंगाटात बुडून गेलं.

सोमवारी शपथ झाली. चिमीने माझा हात घट्ट धरला होता. अध्यक्षांनी स्वतः येऊन हस्तांदोलन केलं आणि म्हणाले, तुमच्या प्रकरणाने आमच्या मोकळेपणाची कसोटी लागली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. माझ्या चाळीस इमारतींतले लोक आता मला नावाने हाक मारतात.

तेव्हा तू पत्रं पाठवलीस तेच बरं झालं असं म्हणायचं. मूळ कागद मंडळ तुला परत करणार आहे, त्यांना त्यांची गरज नाही. आता तरी जाळ ते. निवृत्त झालीस की इकडेच ये. आम्ही तुझ्यासाठी खोली काढली आहे, आणि इमारतीला लिफ्ट आहे, ती मी स्वतः तपासतो.

तुझा,
बाब्या

जावक क्र. ६०
२८ जून

चि. बाब्यास,
अ. उ. आ.

आवक ६४ मिळालं. चिमीचा बाप चिमीजवळ राहिला, याचा मला आनंद झाला. तो खोटा नाही. वाचता वाचता रडू आलं.

मंडळाचं पाकीटही आलं, गठ्ठ्यासकट. तिन्ही कागद जसेच्या तसे. त्यांनी ठरवलं, की ते मत होतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. सतरावं त्यांनी आपल्या भाषेत करून घेतलं. यादी तशीच राहिली असावी, नुसत्या नावांचं कोणी भाषांतर करून काय करणार.

शिंपीकाकांची थोरली तुला आठवते का? तेव्हा बारा वर्षांची होती. गेल्या सोमवारी ती ऑफिसच्या खिडकीपाशी येऊन उभी राहिली. त्या एकतीस घरांच्या माणसांनी आपापल्या जागा परत मिळाव्यात म्हणून कोर्टात अर्ज केला आहे. आम्ही तिथे राहत होतो, याचा पुरावा त्यांना द्यायचा आहे. त्या वर्षाचं रजिस्टर दप्तरात नाही. कुणी नेलं, कधी नेलं, कोणालाच माहीत नाही. साहेबांनी तिला पुरावा घेऊन या म्हणून सांगितलं. आणि रजिस्टर सापडलं असतं तरी तिच्या वडिलांचं नाव त्यात नव्हतंच.

तिने मला ओळखलं. म्हणाली, तुम्ही आमच्याकडे पाणी प्यायचात. आम्ही तिथे राहत होतो एवढं लिहून द्याल का?

मी तिला बाकावर बसवलं, घरी गेले आणि यादी आणली, दोन्ही पत्रांसकट. त्या गल्ल्यांत कोण राहत होतं, हे सांगणारा एकच कागद आता शिल्लक आहे, आणि तो माझ्या अक्षरात, तुझ्या निळ्या खुणांचा आहे. तिने एकतिसाव्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग मी तिला वह्यांचं सांगितलं, मंगळवारचं सांगितलं आणि रजेचंही सांगितलं. तिने एकच विचारलं, की तुम्हाला खरंच ताप होता का. मी नाही म्हणाले. तिने कागद पिशवीत घातले आणि गेली.

कोर्टात मला विचारतील, यादी कोणी मागितली, खुणा कोणाच्या. मी सांगणार आहे. माझी नोकरी जाईल, कदाचित निवृत्तीचे पैसेही जातील. तुझं तिकडे काय होईल ते मला ठाऊक नाही. तिकडच्या पेपरात तुझा फोटो पुन्हा आला तर चिमीला तो तूच दाखव, बाहेरून कळू देऊ नकोस.

खोली काढलीस, त्याबद्दल बरं वाटलं. पण बाब्या, तिथे यायचं तर तो फॉर्म मलाही भरावा लागेल. मी कुठल्या संघटनेत नव्हते. भिंतीवर कधी कागद चिकटवला नाही, सभेला गेले नाही, कोणाबद्दल वाईट मत धरलं नाही. त्यांच्या सगळ्या प्रश्नांना मी 'नाही' लिहीन, ते सगळं खरं असेल, आणि ते मला आनंदाने आत घेतील. म्हणून मी येत नाही.

वहीत सतरा आणि अठरापुढे आज मी जावक म्हणून नोंद केली. गठ्ठ्यात आता पुन्हा दोन आकड्यांची फट आहे, पण या वेळी ती कोणी विचारली तर मला उत्तर देता येईल.

लोभ असावा, असं आजवर दर पत्राच्या खाली मनातल्या मनात म्हणत आले. या वेळी तुझ्याकडे तो मागत नाही. माझा तुझ्यावर आहे, ओढणी धरून झोपायचास तेव्हा होता तेवढाच आहे, आणि त्याचं काय करावं ते मला कळत नाही.

तुझी,
ताई